ताराबाई मोडक : शाळा अंगणात नेणाऱ्या बाई

आम्ही बोईसरचे शिक्षक बालवाडी म्हटलं की ताराबाई मोडकांना आठवतो. जन्म 1892, मुंबई. भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत त्यांनी माँटेसरी पद्धतीवर काम केलं. 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं केंद्र काढलं. पुढे अनुताई वाघांसह काम कोसबाडला नेलं. आदिवासी मुलं शाळेत येईनात, म्हणून बाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली, गुरं चारणाऱ्यांसाठी कुरणात. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पानं. 1962 मध्ये पद्मभूषण, 1973 मध्ये निधन.

आपल्या कित्येक घरांत उर्दू, शाळेत मराठी. पोर गप्प बसलं की आपण त्याला ढ ठरवतो. पालकहो, आधी घरच्या बोलीत गोष्ट सांगा, शब्दातला पहिला आवाज ओळखू द्या, मग अक्षर दाखवा. इन्शाअल्लाह, वाचेल.