उंदीर, पिसवा आणि डॉ. रूपर्ट ब्लू

यंदा दिवाळीच्या साफसफाईला गराज उपसलं आणि तांदळाच्या पोत्यामागे उंदरांच्या लेंड्या सापडल्या! आमच्या बे एरियात हवा गार व्हायला लागली की हे पाहुणे बागेतून घराकडे वळतात. मला आजी आठवली. तिच्या लहानपणी गावात उंदीर पडायला लागले असं कळलं, की माणसं घराला कुलूप घालून माळावर झोपड्या बांधून राहत. उंदीर मेला की उपाशी पिसवा माणसाकडे वळतात, हे शास्त्र तिला ठाऊक नव्हतं. अनुभव मात्र पक्का होता.

त्या निमित्ताने मी इथल्या प्लेगबद्दल वाचायला घेतलं आणि डॉ. रूपर्ट ब्लू भेटले. जन्म 1868 चा, नॉर्थ कॅरोलायनातला. 1892 मध्ये डॉक्टर होऊन ते सरकारी मरीन हॉस्पिटल सर्व्हिसमध्ये शिरले.

मार्च 1900 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये प्लेगचा पहिला बळी गेला. लगेच वस्तीला वेढा पडला. गोऱ्यांना बाहेर सोडलं, चिनी आत कोंडले. गव्हर्नर गेज तर प्लेग नाहीच म्हणत राहिले. वाचताना 1897 चं पुणं आठवलं, घराघरांत घुसणारे सोजीर आठवले. रोग उंदराचा, शिक्षा माणसाला! 1904 पर्यंत शहरात 121 जणांना प्लेग झाला, त्यातले बहुतेक दगावले. शेवटी ब्लू यांनी घरांखालची बिळं मोडून काँक्रीट घालायला लावलं, तेव्हा साथ हटली.

मग 1906 चा भूकंप झाला. पडकी घरं, फुटलेली गटारं, निर्वासितांच्या छावण्या; उंदरांची चंगळच झाली. 1907 मध्ये प्लेग परतला आणि ब्लूंना पुन्हा बोलावलं. या वेळी त्यांच्या हाताशी आपल्याकडचं ज्ञान होतं. पिसवांचा धागा सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांना 1898 मध्ये कराचीत सापडला होता आणि मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत पुढे तो पक्का झाला होता. म्हणून ब्लूंनी वेढा घातला तो उंदरांना. सापळे लावले, मेलेल्या उंदराला तो सापडला त्या जागेचा पत्ता बांधला, आणि लाखाहून जास्त उंदीर चिरून तपासले.

खरी कसोटी हिवाळ्यात लागली. मुंबईत प्लेग थंडीच्या अखेरीस भडके आणि कडक उन्हाळ्यात ओसरे, कारण त्या उष्ण हवेत पिसवा तगत नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोत उलट! इथे पिसवा उबदार महिन्यांत वाढतात आणि थंडीत घटतात. जानेवारी 1908 नंतर नवे रुग्ण थांबले, लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. ब्लू मात्र ऋतूला फसले नाहीत. पिसवा कमी आहेत तोवरच उंदीर हटवले पाहिजेत, नाहीतर उन्हं तापली की साथ परत येईल, हे त्यांनी शहराला पटवून दिलं. व्यापारी, बायका, शाळा, सगळ्यांना कामाला लावलं: कचऱ्याला झाकणाचे डबे, तबेल्यांची सफाई, तळघरांना काँक्रीट. उन्हाळा आला, पण साथ परतली नाही. या खेपेला 160 रुग्ण झाले, निम्मे वाचले.

1912 ते 1920 ब्लू देशाचे सर्जन जनरल होते. 1918 च्या इन्फ्लुएंझापुढे त्यांचं काही चाललं नाही, हेही खरं. ते 1948 मध्ये वारले.

प्लेग मात्र तोवर शहराबाहेर बिळात राहणाऱ्या खारींत शिरला होता. आजही अमेरिकेच्या पश्चिम भागात वर्षाला सरासरी सात जणांना तो होतो, बहुतेक गावाकडे आणि उन्हाळ्याच्या सुमारास. अँटिबायोटिक्स वेळेवर मिळाली तर माणूस बरा होतो.

आमच्या गराजच्या दाराखालची फट आता बुजवली आहे आणि तांदूळ घट्ट झाकणाच्या डब्यात गेलेत. फराळाचे डबे भरताना एक करा, आपल्याही दाराखाली जरा वाकून बघा. आणि पुढच्या महिन्यात लेंड्या दिसल्या नाहीत, म्हणून उंदीर गेले असं समजू नका!