बहात्तराव्या वर्षी लागलेला छंद

स्मरणिकेसाठी दरवर्षी एक चरित्र लिहून देण्याचे काम मंडळाने माझ्या गळ्यात घातले आहे. आजवर मी अहिल्याबाई, झाशीची राणी, रमाबाई रानडे अशा थोर स्त्रियांविषयी लिहिले. यंदाच्या बाईंनी राज्य केले नाही, लढाई मारली नाही, की शाळाही काढली नाही. त्यांनी कागदाची फुले केली. त्यांचीच निवड का, तेही सांगून टाकते. गेल्या हळदीकुंकवाला हस्तकलेच्या वर्गासाठी नावे मागितली, तेव्हा आमच्या वयाच्या पाच-सहाजणी हात झटकून मोकळ्या झाल्या. गोवऱ्या मसणात गेल्या, आता कसले शिकणे, असे म्हणणाऱ्यांत माझाही आवाज होता.

मेरी ग्रॅनव्हिल हिचा जन्म १४ मे १७०० रोजी इंग्लंडातील विल्टशर परगण्यात झाला. घराणे मोठे, पण राजकारणात हरलेल्या पक्षाचे. १७१४ साली राणी ॲन वारली, हॅनोव्हरचा जॉर्ज गादीवर आला आणि ग्रॅनव्हिल मंडळींचे दिवस फिरले. राणीच्या दरबारी जायचे म्हणून वाढविलेली मुलगी आईवडिलांबरोबर खेड्यात येऊन राहिली. पुढे काकांनी तिला आपल्याकडे नेले आणि १७१८ साली, अठरावे वर्ष चालू असताना, अलेक्झांडर पेंडार्विस या साठीच्या घरातल्या जमीनदाराशी तिचे लग्न लावून दिले. गृहस्थ पार्लमेंटचे सभासद आणि काकांच्या पक्षाचे. मुलीला विचारतो कोण? देवलांची शारदा आपल्याकडे १८९९ साली रंगभूमीवर आली. इंग्रजांच्या बड्या घरांतही अशा शारदा होत्या, आणि या शारदेसाठी कोणी कोदंड धावून आला नाही.

नवरा संशयी, दारूच्या आहारी गेलेला, सांधेदुखीने अंथरुणाला खिळणारा. अशी सात वर्षे गेली. १७२५ साली एका रात्री झोपेतच त्याला मरण आले. बायकोच्या नावाने करायच्या मृत्युपत्रावर सही व्हायची राहून गेली होती, म्हणून हाती फारसे काही लागले नाही. पण त्या काळच्या इंग्रजी कायद्याने लग्न झालेल्या स्त्रीच्या मालमत्तेवर नवऱ्याचा ताबा असे. विधवेचे जे काही थोडे असेल ते तिचे स्वतःचे. मेरीबाईंनी ही थोडकी मोकळीक पुढची अठरा वर्षे जपली. गाणे ऐकले, चित्रे काढली, आयर्लंडात जाऊन आल्या. संगीतकार हँडेल त्यांच्या स्नेह्यांपैकी, लेखक स्विफ्ट पत्रे पाठविणाऱ्यांपैकी. १७४३ साली त्यांनी पॅट्रिक डिलेनी या आयरिश धर्मोपदेशकाशी आपल्या मनाने लग्न केले. माणूस सामान्य कुळातला, म्हणून माहेरच्यांनी नाके मुरडली. पण डब्लिनजवळच्या डेलव्हिल येथे त्यांचा पंचवीस वर्षांचा संसार सुखाचा झाला. बाग केली, शिंपल्यांची नक्षी केली, भरतकाम तर अखंड चालू होते.

१७६८ साली डॉक्टर डिलेनी गेले. बाई अडुसष्ट वर्षांच्या होत्या, मूलबाळ नव्हते, जिवाभावाची धाकटी बहीण आधीच गेलेली. यापुढचे मी कशाला सांगू? आपल्या मंडळातील कितीतरी जणींना ते ठाऊक आहे. सकाळ कशीबशी निघते, रात्रही सरते; दुपार मात्र सरता सरत नाही. माझे यजमान गेल्यापासून मीही तो अनुभव घेते आहे.

मेरीबाईंना एका मैत्रिणीने हात दिला. ही पोर्टलंडची डचेस, पंधरा वर्षांनी लहान आणि अतिशय श्रीमंत. बुलस्ट्रोड येथील तिच्या वाड्यात शंखशिंपले, किडे, पक्षी, झाडे यांचा प्रचंड संग्रह होता आणि ते पाहायला शास्त्रज्ञ येत. बाई उन्हाळ्यात तिच्याकडे राहू लागल्या. तिथे त्यांना वनस्पतिशास्त्राची गोडी लागली. स्वीडनच्या लिनियसने पुंकेसर आणि स्त्रीकेसर मोजून वनस्पतींचे वर्ग पाडण्याची जी पद्धत घालून दिली होती, ती त्या समजून घेऊ लागल्या. कॅप्टन कुकबरोबर जगप्रदक्षिणा करून आलेल्या जोसेफ बँक्सच्या घरी जाऊन त्यांनी दूरदेशींच्या झाडांची चित्रेही पाहिली.

मग १७७२ चा शरद ऋतू आला. बुलस्ट्रोडच्या खोलीत टेबलावर जिरॅनियमचे तांबडे फूल होते आणि शेजारी तसल्याच तांबड्या रंगाचा कागदाचा तुकडा. बाईंनी कात्री घेतली, फुलाकडे पाहत एकेक पाकळी कातरली आणि चिकटविली. तेवढ्यात डचेस आत आली. तिला वाटले, खरीच पाकळी तोडून ठेवली आहे. एवढाच काय तो आरंभ. बाईंना तेव्हा बहात्तर वर्षे पूर्ण झालेली होती.

या फुलांची रीत आपल्यातील हातकाम करणाऱ्या भगिनींनी मुद्दाम लक्षात घ्यावी. मागचा कागद शाईसारखा काळा रंगविलेला. त्यावर रंगीत कागदाचे बारीक बारीक तुकडे एकावर एक खळीसारख्या चिकट द्रव्याने लावायचे. आधी पेन्सिलीने रेषा काढायच्या नाहीत. समोर खरे फूल ठेवायचे आणि डोळ्यांनी मापून थेट कातरायचे. एका हिरव्या पानात फिकट, गडद, पिवळसर असे कितीतरी हिरवे. कागद चीनहून आलेले, भिंतीला लावायच्या कागदांच्या कारखान्यातून उरलेले. रंग ओघळून बिघडलेला कागद तर त्यांना विशेष प्रिय, कारण खऱ्या पाकळीचा रंग तरी सर्वत्र कुठे सारखा असतो! क्वचित एखादे खरे पानही त्यात बसवून दिलेले. प्रत्येक फुलाचे शास्त्रीय नाव, तारीख, ठिकाण आणि ते कोणी दिले, याची नोंद करून ठेवलेली.

माझ्या नातीने ही फुले मला संगणकाच्या पडद्यावर मोठी करून दाखविली. आपण ज्याला कृष्णकमळ म्हणतो त्या जातीचे एक फूल त्यांत आहे. त्याची झालर करायला बाईंनी दोनशे तीस पाकळ्या कातरल्या, असे सांगतात. मी मोजायला बसले आणि चाळिसाच्या पुढे चुकले.

हा छंद नवा म्हणावा की जुना, हा प्रश्न मला पडला आहे. शाळेत असताना मेरी कागदाची फुले-पाखरे कातरी आणि एक मैत्रीण ती आपल्या झग्याला टाचून मिरवी. मधल्या साठ-बासष्ट वर्षांत बागेत फुले निरखली, सुईने रेशमावर भरली. म्हणजे हाताला वळण होतेच. त्याला काम बहात्तराव्या वर्षी सापडले. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्यांना चूल फुंकायची नव्हती, पाणी भरायचे नव्हते. डचेसच्या वाड्यात ताट आयते पुढे येई. आपल्यापैकी किती जणींना तशी दुपार मिळते? तेव्हा त्यांच्याशी बरोबरी सांगण्यात अर्थ नाही. पण नोकरचाकर असलेल्या बायका तेव्हा हजारो होत्या, आणि ही फुले एकीनेच केली, हेही खरे.

बातमी हळूहळू पसरली. राजे तिसरे जॉर्ज आणि राणी शार्लट बुलस्ट्रोडला येत. क्यूच्या शाही बागेतून बाईंकडे फुले येऊ लागली. राणीने त्यांना बारीक हत्यारे ठेवलेला एक सुबक बटवा दिला. हजार फुले पुरी करायची, असे बाईंच्या मनात होते. दहा वर्षे काम चालले, म्हणजे सरासरी आठवड्याला जवळजवळ दोन फुले. १७८२ साली डोळ्यांनी साथ सोडली, तेव्हा मोजली ती ९८५ भरली.

पंधरा राहिली ती राहिलीच. १७८५ साली डचेसही गेली. राजाने विंडसर येथे घर दिले, वर्षाला तीनशे पौंडांची नेमणूक करून दिली. तिथे बाईंनी भावंडांच्या वंशातील एका लहान मुलीला जवळ ठेवून तिचे शिक्षण केले. १५ एप्रिल १७८८ रोजी, अठ्ठ्याऐंशीवे वर्ष पुरे व्हायच्या आधी महिनाभर, त्या लंडनात वारल्या. त्या लहान मुलीचीच मुलगी पुढे लेडी लॅनोव्हर झाली. तिने पणजीच्या नात्यातील या बाईंची पत्रे सहा खंडांत छापविली, आणि तिच्या मृत्युपत्राने फुलांचे दहा खंड १८९७ साली ब्रिटिश म्युझियमकडे गेले. तिथे ते आजही आहेत.

परवा मी पतंगाचा तांबडा कागद आणून जास्वंदीचे एक फूल कातरून पाहिले. पाच पाकळ्या कशाबशा जमल्या. मधला केसरांचा दांडा मात्र तीनदा तुटला. आता जरा जाड कागद पाहते आहे.