कप्तानी मागावी लागते!

फुटबॉलचा मॅनेजर असो वा क्रिकेटचा कप्तान, संघ चालविणाऱ्याचे मन कसे असावे याची चर्चा नेहमी होते. संयम, निर्णयशक्ती, पराभव पचविण्याची ताकद हे गुण सांगितले जातात. अहिल्यानगर जिल्ह्याच्या संगमनेर तालुक्यात जन्मलेल्या अजिंक्य रहाणे यांनी, 36 धावांत गारद झालेला भारतीय संघ सावरून 2021 साली ऑस्ट्रेलियातील मालिका जिंकून दिली, तेव्हा हे गुण सर्वांनी पाहिले. पण हेच गुण अंगी असून जातीमुळे कप्तानी नाकारली गेली तर? तेथे आम्हाला विठ्ठल पालवणकर आठवतात.

विठ्ठल चर्मकार समाजातले. थोरले बंधू बाळू हे आपल्या काळातले अव्वल गोलंदाज. पुण्यात सवर्ण खेळाडूंना त्यांचे बळी हवे होते, पण चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यात दिला जाई. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभरावर बळी घेतले. तरी हिंदू संघाची कप्तानी त्यांना कधीच मिळाली नाही.

1920 साली मुंबईच्या चौरंगी सामन्यांत बाळूंना संघातूनच वगळले. तेव्हा विठ्ठल आणि बंधू शिवराम यांनी खेळण्यास नकार देऊन जाहीर निषेध केला. परिणामी बाळूंना उपकप्तान म्हणून परत घ्यावे लागले. 1923 मध्ये विठ्ठल स्वतः कप्तान झाले आणि अंतिम सामन्यात युरोपियनांना हरविले. पुढे 1925 आणि 1926 लाही त्यांच्या हाताखाली हिंदू संघ जिंकला. सी. के. नायडूंसारखे खेळाडू त्यांच्या संघात होते. ज्या समाजाने भावाला दाराबाहेर ठेवले, त्याच समाजाच्या खेळाडूंना एकत्र बांधून जिंकून दाखविणे, यापेक्षा मनाची मोठी कसोटी कोणती? 1948 साली त्यांनी मराठीत आत्मचरित्रही लिहिले. 1971 मध्ये ते गेले.

1937 च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले. तो मतभेद आम्ही विसरत नाही. पण त्यापायी या भावंडांचा मैदानावरचा लढा आपणच पुसून टाकावा काय?

संयम हा नेत्याचा गुण खरा. पण 1920 चा नकार नसता तर 1923 ची कप्तानी आली असती काय? नुसता संयम गुलामीही शिकवितो. म्हणून जिल्ह्यातील वस्तीवस्तीच्या क्रीडा मंडळांना आमचे सांगणे आहे : पोरांना खेळ शिकवा, त्याचबरोबर कप्तानी मागायलाही शिकवा.