बॉनेटखालचा बॉश

सेकंडहँड गाडी घेतलेल्या कुणालाही विचारा. पावसाळ्याच्या तोंडावर पिवळट पडलेल्या हेडलाइट्स बदलायला बॉनेट उघडावं, तर आत आधीच्या मालकाने करून ठेवलेली वायरींची खिचडी. एक जाड लाल वायर बॅटरीवरून निघून काळ्या टेपच्या गुंडाळीत गायब झालेली. दोन फॉगलॅम्पच्या, एक बहुतेक म्युझिकल हॉर्नची, एक कशाची ते देवालाच ठाऊक. आणि या सगळ्यांच्या मध्ये एक छोटी काळी चौकोनी डबी. अंधेरी असो की मुलुंड, गॅरेजमधला इलेक्ट्रिशियन आधी ही डबी उपसून उलटी करतो. खाली पिनांशेजारी आकडे असतात : ३०, ८५, ८६, ८७. ते वाचले की निम्मी खिचडी तिथेच सुटते.

ही डबी म्हणजे रिले. बनवणारी कंपनी कुठलीही असली तरी तिला सर्रास ‘बॉश टाइप’ म्हणतात. आपल्याला बॉश म्हटलं की ड्रिल मशीन आठवतं, फार तर वॉशिंग मशीन. पण गाडीचा दिवा हा गाडीच्याच विजेवर जळला पाहिजे, ही गोष्ट ज्यांनी बाजारात रुजवली त्यांत या आडनावाचा माणूस अगदी पुढे होता.

रॉबर्ट बॉश जन्मला १८६१ मध्ये, दक्षिण जर्मनीतल्या उल्म शहराजवळच्या अल्बेक गावात. बारा भावंडांतला अकरावा. घरची शेती होती, वडील प्रवाशांसाठी खाणावळ चालवायचे. पोराचं शाळेत फार मन रमेना, म्हणून त्याला उल्ममध्ये एका मेकॅनिककडे उमेदवारीला ठेवलं. तिथे उस्तादाने शिकवण्यात फारसा रस घेतला नाही. हा सल त्याला पुढे बरीच वर्षं होता. १९१३ मध्ये त्याने स्वतःच्या कारखान्यात शिकाऊ मुलांसाठी वेगळं वर्कशॉपच काढलं. (इंटर्नशिपला जाऊन नुसत्या झेरॉक्स काढलेल्यांना याचं मोल कळेल.)

विशीत तो बराच फिरला. न्यूयॉर्कला एडिसनच्या कारखान्यात काम केलं, मग इंग्लंडमध्ये सीमेन्सकडे. नोव्हेंबर १८८६ मध्ये पंचविसाव्या वर्षी त्याने स्टुटगार्टला छोटं वर्कशॉप थाटलं. भांडवल वडिलोपार्जित १० हजार मार्कांचं, हाताखाली एक कारागीर आणि एक पोऱ्या. टेलिफोन बसव, विजेची घंटा दुरुस्त कर, असली किरकोळ कामं. गिऱ्हाइकांकडे तो सायकलवरून जायचा. पहिली काही वर्षं धंदा रडतखडतच चालला. कर्ज झालं, माणसं कमी करावी लागली. आजच्या भाषेत, स्टार्टअप जवळजवळ बसलंच होतं.

तारलं त्याला मॅग्नेटोने. इंजिनातल्या इंधनाला ठिणगी देणारं हे यंत्र. १८८७ मध्ये एका गिऱ्हाइकाने डॉइट्झ कंपनीच्या यंत्रासारखं यंत्र मागितलं. बॉशने ते पाहिलं, त्यावर पेटंट नाही याची खात्री करून घेतली आणि जास्त चांगलं बनवून दिलं. म्हणजे मूळ कल्पना त्याची नव्हती. ‘महान संशोधक’ म्हणून त्याचे पोवाडे गातात ते मला म्हणूनच पटत नाही. तो संशोधकापेक्षा पक्का कारागीर होता आणि माणसं पारखणारा मालक. १८९७ मध्ये हेच यंत्र एका तीनचाकी मोटारीच्या वेगवान इंजिनाला बसेना, तेव्हा तोडगा काढला त्याचा फोरमन आर्नोल्ड झेरिंगर याने. १९०२ चा हाय व्होल्टेज मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला स्पार्क प्लग ही गॉटलोब होनोल्डची कामगिरी. हा होनोल्ड एके काळी याच वर्कशॉपात शिकाऊ म्हणून होता.

आता दिव्यांकडे. त्या काळी मोटारींना बहुतेक कार्बाइडचे दिवे असायचे. कार्बाइडच्या खड्यांवर थेंब थेंब पाणी पडायचं, त्यातून ॲसिटिलीन वायू निघायचा आणि तो काडी लावून पेटवायचा. भर पावसात घोडबंदर रोडवर गाडी थांबवून दिव्याला काडी लावताय, अशी कल्पना करा. १९१३ मध्ये बॉशने नुसता विजेचा दिवा विकायला काढला नाही. हेडलाइट, वीज तयार करणारा डायनॅमो, ती ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर आणि बॅटरी असा अख्खा संच आणला.

या संचाने एक गोष्ट कायमची बदलली. कार्बाइडचा दिवा सुटा होता, काढला आणि दुसरा लावला की संपलं. विजेचा दिवा सगळ्या गाडीशी नात्याने बांधला गेला. आपल्याकडे नेमकं हेच विसरतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून १०० वॉटचे बल्ब आणायचे आणि ५५-६० वॉटसाठी ओढलेल्या कंपनीच्या वायरीवर ठोकून द्यायचे. हिशेब सोपा आहे. १२ व्होल्टवर ५५ वॉटचा बल्ब साडेचार अँपिअरच्या आसपास करंट ओढतो, १०० वॉटचा आठच्या वर. बल्ब दोन, म्हणजे दुप्पट. वायर तापते, होल्डर वितळतो. शिवाय असा बल्ब कायद्यातही बसत नाही.

रिले असतो तो भार स्विचवर येऊ नये म्हणून. त्याच्या ३० नंबरला थेट बॅटरीची वायर येते, वाटेत फ्यूज घेऊन. ८७ मधून ती दिव्याकडे जाते. ८५ आणि ८६ मध्ये स्विचचा बारीकसा करंट, फक्त आतलं चुंबक ओढण्यापुरता. हे आकडे जर्मन मानकातले आहेत आणि जगभर चालतात. वायरीचा रंग मात्र दर गाडीत वेगळा, आणि बाहेरून टाकलेल्या वायरीचा तर दुकानात त्या दिवशी उरलेला. म्हणून अनोळखी वायर दिसली की कापू नका. एकेक फ्यूज काढून काय बंद पडतं ते बघा, रिलेचा आकडा वाचा, आणि जोडणीला हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. बॅटरीवरून निघालेल्या जाड वायरीला फ्यूजच नसेल, तर नव्या हेडलाइट्स राहू द्या, आधी ते काम करा. गाडीला आग लागायला तेवढं पुरतं.

पुन्हा बॉशकडे. १९०६ मध्ये त्याने कारखान्यात आठ तासांचा दिवस लागू केला. मन मोठं होतं, पण हिशेबही होता. थकलेला कामगार माल बिघडवतो, आणि आठ तासांच्या दोन पाळ्या लावल्या की मशीन जास्त वेळ चालतं. तरीही १९१३ मध्ये त्याच्याकडे मोठा संप झालाच. पहिल्या महायुद्धात धंदा तेजीत आला, पण त्या पैशाचं त्याला ओझं वाटलं आणि लाखो मार्क त्याने लोकोपयोगी कामांना देऊन टाकले. अमेरिकेतली त्याची कंपनी तिथल्या सरकारने जप्त केली. १९२१ मध्ये मुलगा रॉबर्ट दीर्घ आजाराने गेला. मोटारीचा विजेचा हॉर्न आला तोही त्याच वर्षी.

शेवटची वर्षं मात्र सरळ नाहीत. नाझी राजवटीत त्याने ज्यूंना मदत केली, हिटलरविरोधी कार्ल गोर्डेलर याला कंपनीत सल्लागार म्हणून आसरा दिला. त्याच वेळी कंपनी लष्कराची कंत्राटं घेत होती आणि युद्धकाळात तिच्या कारखान्यांत वेठबिगार राबवले गेले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि पहिलीने दुसरी पुसली जात नाही. १२ मार्च १९४२ ला तो गेला, तेव्हा ज्यांचा त्याला तिटकारा होता त्याच नाझींनी त्याला सरकारी इतमामाने निरोप दिला.

कंपनीचे बहुतेक शेअर्स आज त्याच्या नावाच्या धर्मादाय संस्थेकडे आहेत. स्टुटगार्टमध्ये त्याने १९४० मध्ये सुरू केलेलं हॉस्पिटलही चालू आहे. भारतात बॉशचा माल १९२२ पासून कोलकात्यात विकला जायचा. १९५१ मध्ये बेंगळुरूला मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे ‘मायको’, निघाली. मग नाशिकला सातपूरमध्ये तिचा कारखाना आला. कंपनीची पाटी बदलून बॉश झाली त्याला बरीच वर्षं झाली, पण नाशिकमध्ये रिक्षावाल्याला आजही मायको सर्कलच सांगावं लागतं.