खंजिरीवाले तुकडोजी महाराज
(इयत्ता ४ थी)



महाराष्ट्रात पुष्कळ संत होऊन गेले. ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम हे सगळे फार जुने. त्यांना पाहिलेला माणूस आता कोठेच सापडणार नाही. पण राष्ट्रसंत तुकडोजी महाराज हे आपल्या विदर्भाचे. त्यांना डोळ्यांनी पाहिलेली आणि त्यांचे भजन कानांनी ऐकलेली म्हातारी माणसे आपल्या भागात अजून आहेत. गावोगावी सायंकाळी गुरुदेव सेवा मंडळाची प्रार्थना होते ना, ती महाराजांनीच सुरू केली. म्हणून मी त्यांचे चरित्र लिहीत आहे. त्यांना भजने कशावरून सुचत, ते मी जास्त लिहिणार आहे. जन्म केव्हा आणि मृत्यू केव्हा, ते तर पुस्तकात सगळेच वाचतात.

तरी पण आधी जन्म सांगितलाच पाहिजे. अमरावती जिल्ह्यात यावली नावाचे गाव आहे. तेथे ३० एप्रिल १९०९ रोजी महाराजांचा जन्म झाला. त्यांचे नाव माणिक ठेवले होते. वडिलांचे नाव बंडोजी आणि आईचे नाव मंजुळाबाई. वडील शिंपीकाम करायचे. घरी गरिबी होती. माणिक शाळेत जायचा, पण त्याचे मन शाळेत लागत नसे. ते लागे भजनात. कोठे टाळ वाजला की हा पोरगा तेथे जाऊन बसे. (आपण शाळा बुडवून बसलो तर मार मिळेल, हे वेगळे.)

वरखेड येथे आडकुजी महाराज नावाचे साधू राहत होते. माणिक त्यांच्याकडे जाऊ लागला. त्यांच्यापुढे बसून तो अभंग म्हणे. जुन्या अभंगात शेवटी तुकाराम महाराजांचे नाव येते, तसेच तोही म्हणत असे. तेव्हा आडकुजी महाराजांनी त्याला सांगितले, की तू तुकड्याचे नाव घालून म्हणत जा. असे सांगतात. तो भाकरीचे तुकडे मागून खाई, म्हणून ते नाव पडले. मित्रांनो, आपल्याला कोणी असे नाव ठेवले तर आपण रडत घरी जाऊ, आईला सांगू. पण माणिकने ते नाव जन्मभर ठेवले. आपल्या भजनांच्या शेवटी ते स्वतःला तुकड्यादास म्हणवून घेत. एवढे मोठे झाले, देशभर नाव झाले, तरी भाकरीच्या तुकड्याची आठवण नावातून काढली नाही. मला वाटते, रोजच्या साध्या गोष्टीवरून गाणे करायचे, हे ते तेथेच शिकले.

आडकुजी महाराज १९२१ साली वारले. तेव्हा माणिक फक्त बारा वर्षांचा होता. आपल्या सातवीतल्या मुलांएवढा! पुढे तो घर सोडून रानात निघून गेला. रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा अशा ठिकाणी तो राहिला. यातली रामदिघी आणि गोंदोडा ही चिमूरकडची जंगले. आपल्या वडसावरून वैनगंगा ओलांडली की ब्रह्मपुरी लागते, मग नागभीड, आणि त्याच्याही पुढे चिमूर. म्हणजे महाराजांनी तपश्चर्या केली ते रान आपल्या झाडीचेच. मोहाची, सागाची, तेंदूची झाडे, आणि वाघ, अस्वल. गोंदोड्याला लोक आजही तपोभूमी म्हणतात.

आता खंजिरीविषयी लिहितो. खंजिरी म्हणजे लाकडाचे छोटे कडे. त्याच्या एका बाजूला कातडे ताणून बसवतात आणि कड्याला खाचा करून त्यात पितळेच्या चकत्या घालतात. एका हातात धरायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवायची. कातड्यातून थाप निघते आणि चकत्या छन् छन् करतात, म्हणजे ढोलकी आणि झांज एकातच. भजनात पेटी, तबला, मृदंग असे सगळे असते. पण पेटी विकत घ्यायला पैसे लागतात, आणि न्यायला बंडी लागते. खंजिरी झोळीत मावते. महाराज पायी पायी या गावाहून त्या गावाला जायचे, त्यांना हेच वाद्य बरे. पावसाळ्यात मात्र तिचे कातडे ढिले पडते आणि आवाज भद्द येतो. मग ती शेकोटीजवळ धरून तापवावी लागते. भजन मंडळातले लोक तसेच करतात. जास्त तापवली तर कातडे फाटते, बरं का. 

महाराज खंजिरी फार जोरात आणि फार सुंदर वाजवायचे. बसल्या जागी डोलत, मान हलवत ते वाजवू लागले की गंज माणसे जमायची. तेव्हा लाऊडस्पीकर सगळीकडे नव्हता, तरी लोक शांत बसून ऐकत.

महाराजांना भजने सुचत ती कशावरून? मी आधी समजत होतो की संतांना देवळात बसल्यावरच सुचत असेल. तसे नाही. ते गावात शिरले की त्यांना गाव दिसे. गल्लीत शेण आणि चिखल आहे. विहिरीजवळ डबके साचले आहे. माणसे देवळात जातात, पण काही लोकांना बाहेरच उभे करतात. शेतकरी रात्रंदिवस राबतो आणि मुलीच्या लग्नासाठी कर्ज काढतो. कोणी दारू पिऊन घरी मारझोड करतो. कोणी आजारी पडला की औषध न देता देवाला कोंबडे, बकरे कापतात. हे सगळे त्यांच्या भजनात यायचे. ते शीघ्रकवी होते. म्हणजे लिहायला पाटी घेऊन बसावे लागत नसे, लोकांपुढे बसले की शब्द आपोआप जुळून येत. चाल पण लोकांच्या ओळखीची घेत. त्यामुळे भजन संपायच्या आत लोक मागे म्हणू लागत. मराठीत केली, हिंदीतही केली. अशी त्यांची हजारो भजने आहेत.

पण विचार करा, असे गाणे म्हणणे सोपे नव्हते. ज्याने देवाच्या नावाने बकरा कापला तोच समोर बसलेला असेल. ज्याने लग्नात हुंडा घेतला तोही समोरच असेल. त्याला राग आला असता तर? गावात जेवण कोणी दिले असते? महाराज त्याला भ्यायचे नाहीत. आणि गाण्यात ऐकले की राग पण कमी येत असेल, असे मला वाटते. गुरुजी रागावून सांगतात ते आपण विसरतो, कवितेतले मात्र पाठ राहते. दारूचेच बघा. आपल्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. महाराजांनी दारू सोडा असे खंजिरीवर सांगितले ते त्याच्या कितीतरी आधी. तेव्हा गडचिरोली जिल्हाच नव्हता. तो १९८२ मध्ये झाला, त्याआधी आपण सगळे चांदा जिल्ह्यातच होतो.

त्यांनी नुसते गाणे म्हटले नाही. आधी स्वतः झाडू घेतला. गाव झाडणे हीसुद्धा देवाची पूजाच आहे असे ते सांगत. त्यांनी रामधून सुरू केली. सकाळी लवकर उठून सगळ्यांनी आपल्या दारापुढचे झाडायचे, सडा टाकायचा, रांगोळी काढायची. मग रांगेने भजन म्हणत गावातून फिरायचे. रांगेत पुढे श्रीमंत, मागे गरीब असे काही नाही. ज्या गल्लीत कोणी पाय ठेवत नव्हते त्या गल्लीतूनही रांग जायची. रांग येणार म्हटल्यावर ती गल्ली झाडावीच लागे! ही युक्ती मला फार आवडली.

अमरावती-नागपूर रस्त्यावर मोझरी हे गाव आहे. तेथे महाराजांनी १९३५ मध्ये गुरुकुंज आश्रम काढला. पुढच्या वर्षी, म्हणजे १९३६ मध्ये, ते वर्ध्याजवळ गांधीजींकडे जवळजवळ महिनाभर राहिले. त्या गावाला आपण आज सेवाग्राम म्हणतो, तेव्हा त्याचे नाव शेगाव होते. गांधीजींचे मौन होते त्या दिवशी महाराजांनी भजन म्हटले आणि ते ऐकून गांधीजींनी मौन विसरून आणखी एक म्हणायला सांगितले, असे लोक सांगतात.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. १९४२ साल होते. गांधीजींनी इंग्रजांना देश सोडून जायला सांगितले आणि सगळीकडे चळवळ सुरू झाली. महाराजांची भजने तेव्हा चिमूर भागात घरोघरी पोचली होती. त्यात आता देशाचे नाव आले होते. साध्या माणसाच्या हातात बंदूक नसते, पण भीती गेली तर तो बंदुकीपुढेही उभा राहतो, असा त्यांचा अर्थ होता. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, चिमूरला मोठी मिरवणूक निघाली. पोलिसांनी गोळीबार केला. त्यात बालाजी रायपूरकर हा मुलगा शहीद झाला. लोक चिडले. सरकारी अधिकारी आणि पोलीसही मारले गेले. नंतर इंग्रजांचे सैन्य आले आणि चिमूरच्या लोकांचे फार हाल झाले. बायामाणसांचेही झाले. पुरुषांना पकडून नेले. हे लिहिताना मला वाईट वाटते. नागपंचमीला आपण भिंतीवर नाग काढून लाह्या खातो, त्याच दिवशी तेथे रक्त सांडले.

सरकारला वाटले, हे सगळे त्या खंजिरीने केले. २८ ऑगस्ट १९४२ रोजी महाराजांना चांद्याला अटक झाली. त्यांना नागपूरच्या आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवले. डिसेंबरमध्ये सोडले. गाणे म्हणणाऱ्या माणसाला एवढे मोठे सरकार भ्याले! ज्यांच्याजवळ तोफा आणि विमाने होती, त्यांनी एका खंजिरीवाल्याला कोंडले. सुटून आल्यावर ते गप्प बसले काय? नाही. पुन्हा गावोगावी फिरू लागले.

देश १९४७ मध्ये स्वतंत्र झाला. आता इंग्रज तर गेले, मग गाणे कशाचे म्हणायचे? महाराजांना तो प्रश्न पडला नाही, कारण गल्लीतला चिखल तसाच होता. इंग्रज गेल्याने विहिरीचे डबके काही सुकले नव्हते. त्यांनी ग्रामगीता हा मोठा ग्रंथ लिहिला. तो १९५५ मध्ये पूर्ण झाला. त्यात ४१ अध्याय आहेत. सगळ्या ओव्या वाचायच्या मला झेपल्या नाहीत, पण अध्यायांची नावे मी उतरवून घेतली. ग्रामशुद्धी, ग्राम आरोग्य, गोवंश सुधार, जीवन शिक्षण, वैवाहिक जीवन, सणोत्सव, यात्रा मेळे अशी ती आहेत. गीता म्हटले की रथ, घोडे, धनुष्यबाण डोळ्यापुढे येतात. या गीतेत गाय आहे, संडास आहे, शाळा आहे, यात्रेतली घाण आहे. आपली बांधी, बोडी, सांदवाडी बघून लिहिल्यासारखी वाटते. आमच्या आजीला लिहिता येत नाही, पण तिला त्यातल्या ओव्या पाठ आहेत. प्रार्थनेत ऐकून ऐकून झाल्या. माझ्यापेक्षा तिच्याच जास्त पाठ आहेत.

त्याच साली, १९५५ मध्ये, महाराज जपानला गेले. तेथे जगातल्या सगळ्या धर्मांच्या लोकांची परिषद होती. महाराजांनी खंजिरी सोबत नेली होती आणि तेथेही भजन म्हटले. जपानी लोकांना शब्द समजले नसतील, पण थाप तर समजली असेल.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांना राष्ट्रसंत म्हटले. भारत साधू समाजाचे ते अध्यक्ष झाले. विनोबाजींच्या भूदानासाठीही ते फिरले, ज्यांच्याजवळ जास्त जमीन आहे त्यांनी भूमिहीनांना थोडी द्यावी म्हणून. १९६२ मध्ये चीनशी आणि १९६५ मध्ये पाकिस्तानशी लढाई झाली, तेव्हा ते जवानांचे मन वाढवायला सीमेवर गेले. थंडीत, म्हातारपण जवळ आले असताना. 

नंतर त्यांना कॅन्सर झाला. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी मोझरीला त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ५९ वर्षांचे होते. आश्रमाजवळच त्यांची समाधी आहे. १९९३ मध्ये त्यांच्या चित्राचे पोस्टाचे तिकीट निघाले आणि २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव दिले. फार वर्षे शाळेत न गेलेल्या माणसाचे नाव विद्यापीठाला! तेथे मोठी मोठी मुले पदव्या घेतात.

दरवर्षी पुण्यतिथीला मोझरीला लाखो लोक येतात. आपल्या भागातूनही गाड्या भरून माणसे जातात. बरोबर ४ वाजून ५८ मिनिटांनी सगळे जागच्या जागी शांत उभे राहतात. रस्त्यावरच्या गाड्यासुद्धा थांबतात. तेवढा वेळ कोणी बोलत नाही, आणि खंजिरीही वाजत नाही.