विश्लेषण : एका संख्येची दोन वर्गमुळे, मग ‘फंक्शन’ कसे ओळखायचे? पाटणच्या भास्कराचार्यांकडून समजून घ्या

क्रमित जोड्यांचा संच दिला आहे. तो फंक्शन म्हणजेच ‘फल’ आहे का? कॉलेजच्या पहिल्याच वर्षात भेटणारा हा प्रश्न सोपा वाटतो, पण वर्गमूळ आले की गोंधळ उडतो. एका संख्येला दोन वर्गमुळे असतात, हे पावणेनऊशे वर्षांपूर्वी स्पष्ट लिहून ठेवणाऱ्या भास्कराचार्यांचे नाव चाळीसगावजवळच्या पाटणशी जोडलेले आहे.

भास्कराचार्य कोण होते?

त्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इसवी सन १११४ चा. गणित आणि ज्योतिष त्यांनी वडील महेश्वर यांच्याकडून शिकून घेतले. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. ‘करणकुतूहल’ हा ग्रंथ ११८३ चा, म्हणजे सत्तरीच्या उंबरठ्यावरचा.

चाळीसगावशी संबंध काय?

सह्याद्रीच्या पायथ्याचे विज्जडविड हे आपले गाव, असे त्यांनी लिहिले आहे. ते नेमके कोणते, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पाटणचा पुरावा मात्र दगडात कोरलेला आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांनी पाटणला मठ काढला. त्याला मिळालेल्या दानाची नोंद १२०७ च्या शिलालेखात आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो अभ्यासकांसमोर आणला.

फंक्शनची कसोटी कोणती?

जोडीतील पहिली संख्या म्हणजे प्रश्न आणि दुसरी म्हणजे उत्तर, असे समजा. एका प्रश्नाला एकच उत्तर असेल तर संच फंक्शन आहे. एकाच प्रश्नाला दोन वेगळी उत्तरे मिळाली, की तो फंक्शन नाही.

‘फंक्शन’ हा शब्द गणितात १७ व्या शतकात आला. भास्कराचार्यांच्या ग्रंथात तो नाही, पण उदाहरणे भरपूर आहेत. ग्रहगणितासाठी लागणारे ‘ज्या’चे कोष्टक घ्या. आजच्या साइनचे हे जुने रूप. त्रिज्या ३४३८ धरली, तर जोड्या अशा मिळतात : (३०, १७१९), (९०, ३४३८). प्रत्येक कोनाला एकच ज्या, म्हणून हे फंक्शन. यात (१५०, १७१९) ही जोडी वाढवली तरी फंक्शन बिघडत नाही. दोन प्रश्नांचे उत्तर एकच असू शकते.

मग अडते कुठे?

वर्गमुळाशी. धन संख्येचे मूळ धनही असते आणि ऋणही, तर ऋण संख्येला मूळच नसते, असा नियम त्यांनी बीजगणितात दिला. म्हणजे (९, ३) आणि (९, −३) या दोन्ही जोड्या खऱ्या. पण ९ ला दोन उत्तरे मिळाल्याने हा संच फंक्शन ठरत नाही.

दोनपैकी खरे उत्तर कोणते?

त्यांचे वानरांचे कोडे पाहा. कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग, इतकी वानरे गुहेत गेली; एकच फांदीवर दिसते. समीकरण सोडवताना वर्गमूळ काढावे लागते. तिथे धन आणि ऋण अशा दोन वाटा फुटतात आणि उत्तरे येतात ५० आणि ५. पण ५ चा पाचवा भाग १, त्यातून ३ गेले की उरतात उणे दोन वानरे! म्हणून भास्कराचार्यांनी ५ नाकारले. दुसऱ्या एका कोड्यात कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग वनात खेळतो आणि १२ वानरे टेकडीवर आहेत. तिथे ४८ आणि १६ ही दोन्ही उत्तरे बसतात. त्यांनी दोन्ही स्वीकारली.

आज याचा उपयोग काय?

कॅल्क्युलेटरवर ९ चे वर्गमूळ काढले की फक्त ३ दिसते. ऋण उत्तर खोटे आहे म्हणून नव्हे, तर धन मूळच घ्यायचे असे आधीच ठरले आहे म्हणून. त्या अटीमुळे वर्गमूळ फंक्शन बनते. समीकरण सोडवताना मात्र दोन्ही मुळे तपासावीच लागतात. परीक्षेत जोड्यांचा संच आला, तर आधी पहिल्या संख्या पाहा. एखादी पुन्हा आली असेल, तर तिच्यासमोरची उत्तरे जुळतात का, एवढेच तपासा.