भिंतीवर बाग फुलविणारा कलावंत : विल्यम मॉरिस

घराच्या भिंती केवळ ऊन-पावसापासून रक्षण करण्यासाठीच असतात, की त्यांनी माणसाच्या मनालाही विसावा द्यावा? एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील एका कलावंताने या प्रश्नाचा आयुष्यभर ध्यास घेतला. तो कलावंत म्हणजे विल्यम मॉरिस.

मॉरिसचा जन्म २४ मार्च १८३४ रोजी लंडनजवळील वॉल्थमस्टो या गावी झाला. वडील सधन होते. तांब्याच्या एका खाणीतील भागांमुळे घरात लक्ष्मी नांदत होती. लहानगा विल्यम तट्टावर बसून एपिंगच्या रानात मनसोक्त भटके. झाडांची, पाखरांची ही ओळख त्याला पुढे जन्मभर पुरली. धर्मोपदेशक होण्याच्या हेतूने १८५३ साली तो ऑक्सफर्डला गेला; परंतु तेथे एडवर्ड बर्न-जोन्स हा समानशील मित्र भेटला आणि दोघांनीही आपले आयुष्य कलेला वाहण्याचा निश्चय केला.

लग्नानंतर, १८६० साली, मॉरिस ‘रेड हाउस’ या आपल्या नव्या घरात राहावयास गेला. फिलिप वेब या स्थापत्यविशारद मित्राने ते बांधून दिले होते. घर सुंदर, पण त्यात शोभावे असे सामान बाजारात मिळेना. यंत्रयुगाचा तो बहराचा काळ होता. यंत्रातून भराभर माल बाहेर पडे. पण त्यात सौंदर्य क्वचितच आढळे. तेव्हा मित्रमंडळींनी स्वतःच भिंती रंगविल्या, पडदे भरले, टेबल-खुर्च्या घडविल्या. या खटाटोपातूनच १८६१ साली त्यांची व्यापारी पेढी उभी राहिली.

भिंतीला लावावयाचा कागद हा या पेढीचा एक विशेष ठरला. मॉरिसचे पहिले रेखाटन १८६२ मधील. आपल्या बागेतील लाकडी जाळीवर चढणारे गुलाब त्याने त्यात रेखाटले. पक्षी मात्र मनाजोगे साधेनात. म्हणून ते त्याने वेबकडून काढून घेतले. त्या काळी भिंतीच्या कागदावर छाया-प्रकाश दाखवून, जणू हात लावताच खुडता येतील अशी फुले काढण्याची रीत होती. मॉरिसला ती रुचली नाही. भिंत सपाट आहे, तेव्हा चित्रानेही तिचा सपाटपणा राखावा. मात्र वेल कशी वाढते, फांदी कोठे वळते, हे त्यात जिवंत दिसावे, असे त्याचे मत होते. डेझीची साधी रानफुले, झेंडू, जाई, नदीकाठच्या वाळुंजाच्या जातीच्या झाडाची लवचीक पाने, हे त्याचे आवडते विषय. एकच आकृती पुनःपुन्हा येते, हे पाहणाऱ्याच्या ध्यानातही येऊ नये, अशी त्याची रचना असे.

हे कागद लंडनमधील जेफ्री आणि कंपनीच्या कारखान्यात हाताने छापले जात. नासपतीच्या लाकडावर नक्षी कोरून ठसे तयार करीत. प्रत्येक रंगाला स्वतंत्र ठसा लागे. ठसा रंगात टेकवायचा, नेमक्या खुणेवर ठेवून दाबायचा, आणि तो रंग वाळल्यावरच पुढचा ठसा उमटवायचा! १८७५ मधील ‘अकॅन्थस’ या नक्षीसाठी तीस ठसे व पंधरा रंग लागले. कापड रंगविण्याची विद्या शिकण्यासाठी तर मॉरिस लीक या गावी थॉमस वॉर्डल यांच्या रंगशाळेत जाऊन स्वतः नीळ कालवू लागला. त्याचे हात कोपरांपर्यंत निळे होत. नावाजलेल्या कवीला व पेढीच्या धन्याला या कामात कमीपणा वाटला नाही.

परंतु या यशाला एक बोचरी बाजू होती. कला सर्वांसाठी असावी, असे मॉरिस म्हणे. पण हाताच्या मेहनतीचा माल महाग पडे आणि तो श्रीमंतांच्याच दिवाणखान्यात जाई. शिवाय त्याच्या आरंभीच्या एका कागदातील हिरव्या रंगात सोमलाचे विष असल्याचे अलीकडे रासायनिक तपासणीत सिद्ध झाले आहे. ज्या खाणीच्या पैशावर तो वाढला, ती पुढे सोमलही काढू लागली होती आणि काही वर्षे तो स्वतः तिचा एक संचालक होता. अशा रंगांविषयीची लोकांची भीती १८८५ सालीही त्याला अवास्तव वाटे. थोरांच्या चरित्रातील अशा उणिवा झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही.

कला व गरिबी यांतील विसंगती मात्र मॉरिसच्या जिव्हारी लागली. कामगाराला कामात आनंद आणि राहावयास नीटस घर मिळाल्यावाचून कला सर्वांची होणार नाही, अशी त्याची खात्री पटली. १८८३ साली तो समाजवादी चळवळीत उतरला आणि रस्त्यांच्या चौकांत उभा राहून व्याख्याने देऊ लागला. १८९१ साली त्याने ‘केल्मस्कॉट’ मुद्रणालय काढले व ग्रंथही तितक्याच निगुतीने छापले. ३ ऑक्टोबर १८९६ रोजी त्याचे देहावसान झाले.

मॉरिसच्या नक्षीचे कागद आजही छापले जातात. त्याला पडलेला प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. विद्यार्थिमित्रहो, सुंदर वस्तू हाती आली की तिच्याकडे कौतुकाने पाहावेच. पण ती कोणाच्या हातांनी घडली आणि त्या हातांच्या वाट्याला काय आले, याचाही क्षणभर विचार करावा.